प्रश्न कोणाला दिसतो?

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, जीपनीच्या म्हणजे लांब जीपसारख्या बसच्या थांब्यावर मारिबेल रांगेत उभी होती. तिच्यापुढे इस्पितळाच्या मदतकक्षातल्या दोघी होत्या. धाकटी थोरलीला 'मनांग', म्हणजे ताई, म्हणत होती.

"मनांग, तुम्ही रजेवर होतात, तेवढ्यात रुग्णांनी ऑनलाइन प्रश्न विचारायचं सॉफ्टवेअर ठरलंसुद्धा! तिसरं!"

"हळू बोल गं. पहिल्यात काय खोट होती?"

"मी खोटी रुग्ण झाले. लिहिलं, 'मला एचआयव्ही आहे, औषध कुठे मिळेल?' तर माझं नाव आणि आजार थेट दारावरच्या पहारेकऱ्याला दिसला!"

"अगं बाई! आणि दुसऱ्यात?"

"उत्तराच्या ईमेलमध्ये माझा अख्खा प्रश्न छापलेला! घरात दुसऱ्या कोणी उघडला असता तर?"

"मग तिसऱ्यात?"

"फक्त त्या विभागाच्या डॉक्टरांना दिसला. मी मदतकक्षातून शोधून शोधून दमले, मलाच सापडेना!"

"आणि साहेब?"

"लगेच हो म्हणाले! आज सकाळपासून चालू झालंय, मनांग!"

थोरलीने तिला भर रस्त्यात मिठी मारली.

जीपनी आली. दोघी चढल्या. "या ना, एक जागा आहे!" धाकटीने मारिबेलला हाक मारली.

"तुम्ही व्हा पुढे," मारिबेल म्हणाली. तिने फोनवर इस्पितळाचं पान उघडलं आणि इतके महिने कोणालाच न विचारलेला प्रश्न ती लिहू लागली.