काटेरी फुगा

बंडेप्पा : हसलीस ना तवा? मी सांगितलो होतो, चन्नी, चारी चौकटींवर आकडे घालू. तू म्हणालीस, "मामा, हे चित्र हाय, पाढे न्हाईत."

चन्नम्मा : म्हणाले मी. पण आकड्यांचा इथं काय संबंध? पाच दिवस झाले आपली चित्रकथा चावडीवर लावून. पाळण्याची दोरी हातात धरून मी ह्या खिडकीतून बघत असते. पहिल्या दिवशी सगळं संतपूर तिथं गोळा झालं होतं. आणि परवापासून बायका पुन्हा नाल्यावर जायल्यात. शेजारची भागम्मासुद्धा. ती तर जत्रेपासून आडाचं पाणी उकळून घेत होती. चित्र लागलं आणि तिनं सोडलं, असं कसं झालं?

बंडेप्पा : माझ्या हातात तर काय कमी न्हाई. पंचवीस वर्सं बोर्ड रंगवलो, निजामाच्या राज्यात उर्दू, आता कन्नड, मराठी. बायको ओरडती तिथं जाड ब्रश मारलो, तिच्या बोलण्याच्या फुग्याला काटे काढलो. लांबून ऐकू यावं असं.

चन्नम्मा : तुमच्या हाताला कोण नावं ठेवतंय? शेजारच्या चिंताकी गावात पटकीनं तीन माणसं गेली, मामा. माझं लेकरू अजून अंगावर पितं, त्याला धोका नाही, म्हणून मी गप बसू? कोण आलं ते? या राजूबाई.

राजूबाई : बसत न्हाई बाई. जरा इस्तू द्या, चूल इझली. तुमची बरी सदा पेटलेली. पाणी उकळायलाव का काय?

चन्नम्मा : व्हय. तुम्ही?

राजूबाई : आमी सोडलं की. तुमीच तर सांगितलाव चित्रात.

चन्नम्मा : आम्ही काय सांगितलं? नीट सांगा, राजूबाई. कुणी वाचलं ते चित्र?

राजूबाई : आमच्या मालकानं. शिकलेलं माणूस हाय, उर्दूच्या चार जमाती. काठी लावून एकेक घर वाचून दावलं, समदं गाव ऐकायलं. पयल्या घरात बाप्या धडधाकट, खांद्यावर लेकरू. दुसऱ्यात बायकू त्येला पाणी उकळून देती. तिसऱ्यात बाप्या आडवा अन् बायकू बोंबलायली. मला अक्षर येत न्हाई, पण काटेरी फुगा बघितल्यावर कळतंय की. अन् चवथ्यात त्योच बाप्या नाल्याचं पाणी पिऊन हासायला. फुग्यात ल्हेलंय म्हनं, नाल्याचं पाणी लई गोड.

बंडेप्पा : उजवीकडून वाचला, चन्नी. ह्यांचा आप्पाराव उजवीकडून वाचला.

चन्नम्मा : आणि मी डावीकडून मांडलं. तुमचे आकडे ह्यासाठी होते तर. पोलीस ॲक्शनला पाच वर्षं झाली, पण इथं ज्याला वाचता येतं तो उर्दूच वाचतो, हे मला कळू नये? फुग्यात मराठीखाली उर्दू लिहा म्हणून तुम्हाला मीच सांगितलं. अक्षरं त्यांची ठेवली आणि चित्रांचा क्रम आपला.

राजूबाई : म्हंजे ते चुकीचं वाचले?

चन्नम्मा : नाही. त्यांना शिकवलं तसं वाचलं. चूक माझी. राजूबाई, नाल्याचं पाणी पिऊन माणूस आडवा पडतो आणि उकळलेल्या पाण्यानं वाचतो. पटकी नाल्यातून येते.

राजूबाई : अग्गंबाई. सासूबाई तर नाल्यावरच हायत की. आंब्याच्या राखणीला शेतात गेल्यात, मालकबी तिथंच. काल सांजच्याला म्हनल्या, पोटात गुडगुडायलंय. तर मालक म्हनले, आये, कुठंतर उकळलेलं पिलीस व्हय? नाल्याचं पी, बरं वाटंल.

चन्नम्मा : सासूबाईंना त्यांनी वरून आणखी तेच पाजलं? हा इथला तांब्या भरून घ्या, उकळून निवलंय पाणी. आणि अशाच्या अशा शेतात जा.

राजूबाई : जाते की. पर त्ये पिऊ द्यायचे न्हाईत. मी तोंडानं सांगितलं तर म्हणतेत, कागदावर काय ल्हेलंय ते मी वाचलो, तू मला सांगू नको.

बंडेप्पा : मी येतो संगं.

राजूबाई : तुमी तर नगाच. रंगाऱ्यानं मला वाचायला शिकवायचं का म्हणून भांडत बसतील. अन् तिकडं म्हातारी.

चन्नम्मा : मग कागदच देऊ. मामा, लहान काढा, आत्ता, कोळशानं. ह्या निघेपर्यंत झालं पाहिजे.

बंडेप्पा : आता तरी आकडे घालू दे. उर्दू घालू का मराठी?

राजूबाई : मला तर एकबी येत न्हाई. आडवं कामून काढतेत पर? एकाखाली एक काढा की. वरनं खाली तर समदेच बघतेत.

चन्नम्मा : मामा, ऐकलंत? उर्दू, कन्नड, मराठी, तिन्ही वरूनच खाली येतात.

बंडेप्पा : पंचवीस वर्सं दुकानांवर आडव्या पाट्या रंगवून माझं डोस्कं पण आडवं झालंय बघ.

(बंडेप्पा गुंडाळायचा खाकी कागद उभा फाडतो. चन्नम्मा कुरकुरणाऱ्या बाळाला मांडीवर घेऊन शेजारी बसते.)

चन्नम्मा : पहिल्या चौकटीत नाला. पिणाऱ्याला हसू द्या, पाणी गोडच लागतं, खोटं कशाला? पण फुगा नको. त्याच फुग्यानं घात केला.

बंडेप्पा : दुसरीत आडवा. माणूस कोण, म्हातारी काढू?

राजूबाई : नगा वं. सासूबाईला आडवं काढू नगा. बाप्याच असू द्या.

चन्नम्मा : बाप्याच. तिसरीत दोन फुगे. बायको म्हणते, "हे पी." तो विचारतो, "हे काय?" आधी त्याचा प्रश्न, तो अगदी वर, त्याच्या डोक्याच्याही वर. तिचा जबाब त्याच्या खाली. दोघं शेजारी शेजारी बोलले तर पुन्हा कोण आधी बोललं ह्याचा घोळ.

बंडेप्पा : आणि तिचा फुगा चुलीला टेकू दे. उकळलेलं म्हणजे काय ते न वाचता कळंल. चौथीत उठून बसला. काटेरी फुगा कुठं देऊ?

चन्नम्मा : कुठंच नको. आप्पारावभाऊ आधीच वरमतील, त्यात आणखी कोण ओरडायला नको. राजूबाई, तुम्ही ऐका. जुलाब नाहीतर उलटी दिसली की गाडी जुंपून सरळ औरादच्या दवाखान्यात. वाटेत कुठं थांबू नका. पाणी घोट घोट देत राहायचं, ह्याच तांब्यातलं.

राजूबाई : व्हय बाई. झाला का कागद?

चन्नम्मा : एक चौकट राहिली, पाचवी. मामा, हिच्यात माणूस नको. नुसता फुगा.

बंडेप्पा : मग बोलतंय कोण? फुग्याची शेपटी कुणाच्या तोंडाला लावू?

चन्नम्मा : खाली सोडा, कागदाच्या कडेला. भाऊ कागद धरतील तिथं, अंगठ्याजवळ.

बंडेप्पा : अक्षर जाड का बारीक?

चन्नम्मा : बारीक. जवळ बसून बोलल्यागत.

बंडेप्पा : उर्दूत लिहितो. सांग.

चन्नम्मा : लिहा, "आप्पारावभाऊ, तुम्ही बरोबर वाचलं होतं, मांडणी माझी चुकली. आता हा कागद खाली ठेवा आणि आईचे पाय हातात धरून बघा, गार पडलेत का."