सातव्या मिनिटाला बंद पडणारा एसी

हॅलो?… हां, आई, बोल. नाही, अजून निघालो नाही. न्यूनेनमध्येच आहोत, घरासमोर… अगं ऐक ना, मला आत्ता बाबांशी बोलायचंय. एसी बंद पडलाय… घरातला कुठला? इथे घरात एसी असतो का कुणाकडे! मोटरहोमच्या छतावरचा.

तंबू नव्हे गं आई, मोटरहोम, मेमध्ये पाहिलीस ती राहायची गाडी. सत्त्याऐंशी सालची. तुझ्या जावयापेक्षा एका वर्षाने मोठी आणि त्याच्याइतकीच हट्टी… हो, यतीन इथेच उभा आहे. ऐकतोय सगळं.

झोपलेत? मग उठव त्यांना… हो, जेवणानंतरची झोप मोडल्याचं पाप माझ्या माथी. उठव.

धोतर? आई, आत्ता धोतराचं काय मध्येच?… माहीत आहे, पूजेचं, मलमलीचं, हिरव्या काठाचं. जूनमध्ये तुम्ही परत गेल्यापासून बाबा दर रविवारी मला विचारतात. कपाटं पाहिली, वॉशिंग मशीनच्या आत टॉर्च मारून पाहिलं. माझ्याकडे नाही म्हणजे नाही… हं, उठले का?

बाबा, रागावू नका. प्रश्न नानांचा आहे… हो, गेल्या मंगळवारी माझे सासरे उन्हात चक्कर येऊन पडले, त्यानंतर हाउसआर्ट्स बाईंनी, म्हणजे आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, तपासलं. प्रवासाला हरकत नाही म्हणाल्या, पण गाडी आतून थंडच हवी, त्यात तडजोड नाही. आणि आज छत्तीस अंश आहे, बाबा. नेदरलँड्समध्ये, छत्तीस!

झीलंडला. समुद्राला लोखंडी दारं लावून अडवलंय ना, तो बंधारा पाहायला. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली त्यांनी. त्या दारांच्या आकृत्या स्वतःच्या हाताने काढून ठेवलेली वही आहे त्यांच्याकडे, तीसुद्धा पुण्याहून सोबत आणलीय. शनिवारी परतीचं विमान आहे, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा एवढा प्रवास होईल असं त्यांना स्वतःलाच वाटत नाही. सकाळी सहापासून बूट घालून दारात खुर्ची टाकून बसलेत… कारने? एका दिवसात जाणं-येणं त्यांना झेपायचं नाही, आणि राहणार कुठे? शाळांना सुट्ट्या लागल्यात, हॉटेलं भरलेली आहेत.

सांगते, क्रमाने सांगते. पंखा फिरतो, कॉम्प्रेसर लागतो, चांगली गार हवा येते. आणि बरोबर सातव्या मिनिटाला 'खट्' करून कॉम्प्रेसर बंद. पंखा चालूच, पण हवा गरम. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होतो, पुन्हा सात मिनिटं.

रस्त्यात जनरेटरवर चालतो, आत्ता गॅरेजमधून वायर ओढलीय… हो, गुंडाळीवरच आहे, लागली तेवढीच सोडली… पूर्ण सोडायची? अच्छा, गुंडाळलेली वायर तापते, व्होल्टेज पडतं. यतीन, वायर सगळी उलगड रे. शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंत गेली तरी चालेल, ते समजून घेतील.

आतली जाळी कालच धुतली… हो, वाळवून लावली.

सुरू केलाय. फोन छतापाशी धरते, ऐका… आलं ऐकू? बाबा, तुम्ही चाळीस वर्षं थिएटरचा एसी प्लांट सांभाळलात. तुम्हाला आवाजावरून कळतं, मला नुसती घरघर ऐकू येते… दमल्यासारखा वाटतो? कॉम्प्रेसर दमतो का हो?… म्हणजे वरून बाहेरची हवा मिळत नाही, गुदमरतोय. बरं.

गेला. खट्. बरोबर सात.

शेवटचा नीट चालला एप्रिलमध्ये. तासभर चालवून पाहिला होता, अंगावर शाल घ्यावी लागली. नंतर गरजच पडली नाही. इथला मे महिना तुम्ही पाहिलाय, स्वेटर घालून हिंडत होतात… नाही, छतावर कोणी गेलं नाही. कोण जाणार?… आई, तू काही म्हणालीस का? मग मागे खोकलं कोण?

थांबा बाबा, एक मिनिट. नाना, असं नका करू. नका काढू बूट… अहो, होईल दुरुस्त, बाबा फोनवर आहेत ना… बाबा, नाना म्हणताहेत राहू दे, चित्रात पाहिलाय बंधारा, पाणी काय सगळीकडे सारखंच. आणि नाड्या सोडायला लागलेत. लवकर सांगा, काय करू?

चढते. प्लग काढलाय, यतीनला तो हातात धरून उभं केलंय… कपॅसिटरला हात लावणार नाही, त्यात वीज साठून राहते, ठाऊक आहे मला. आईची शपथ… शिडीवर आहे. छत तव्यासारखं तापलंय. फटींतून आतलं काही दिसत नाही… झाकणाला चार स्क्रू आहेत. एक… दोन… तिसरा गंजलाय. यतीन, पक्कड दे… आला!

उचललं. बाबा, मागच्या जाळीवर काहीतरी चिकटून बसलंय. पांढरं… घरटं नाही, कापड आहे. सबंध जाळी झाकलीय त्याने. पंख्याने आत ओढून घेतलंय. सोडवते… येतंय, येतंय. मलमल आहे. आणि याला काठ आहे…

हिरवा.

बाबा, आईला फोन द्या जरा… नाही, तुम्ही नंतर. आधी आईला.

आई, धोतर सापडलं.

हॅलो? आई?… हसतेयस की रडतेयस?… कधी? आम्ही ऑफिसला गेल्यावर? या शिडीवरून? पासष्टाव्या वर्षी, गुडघ्यांना पट्टे बांधून! आणि मला सांगितलंस, दिवसभर पुस्तक वाचत होते.

साबुदाण्याच्या चिकवड्या. मोटरहोमच्या छतावर… हो, सपाट आहे, ऊनही तिथेच येतं, पटतंय मला… पक्ष्यांनी खाऊ नयेत म्हणून वर धोतर, आणि धोतर उडू नये म्हणून त्याचं टोक एसीच्या फटीत खोचलंस. मग पाऊस आला. घाईत ओढलंस आणि अर्धंच हातात आलं… ते अर्धं कुठंय?… कचऱ्याच्या डब्यात! आणि वर मलाच विचारत होतीस, मशीन नीट पाहिलंस का म्हणून!

चिकवड्या छान झाल्या होत्या, ते खरं. यतीनने अर्ध्या एकट्याने संपवल्या. अजून तीन इथे कापडाला चिकटल्यात.

बाबा, ऐकलंत ना सगळं? रागावू नका तिच्यावर… तुम्हीही हसताय? मग एवढे दोन महिने माझ्या वॉशिंग मशीनला उगाच बोल लावलात, त्याचं काय?

हो, मऊ ब्रशने, वरून खाली. पाती वाकवत नाही… झालं. झाकण बसलं. यतीन, लाव प्लग.

सुरू.

ऐका… मोकळा झाला आवाज? मागून गरम हवाही येतेय, मघाशी येतच नव्हती! नाही, फोन ठेवत नाही, सात मिनिटं थांबू या दोघं… तीन… चार… आई, आत्ता चिकवड्यांची कृती नको गं, थांब… सहा. नाना घड्याळाकडे बघताहेत. बूट काढलेत, पायात नुसते मोजे… सात.

बाबा, बोलू नका.

आठ! आठ झाली, बाबा! अहो, गार आहे, मस्त गार! यतीन नाचतोय रस्त्यावर, शेजारीण खिडकीतून टाळ्या वाजवतेय, तिला काय झालंय ते माहीतही नाही.

हो, बंधाऱ्याच्या आत जायची तीनची वेळ घेतलीय. पोचू. तिथून दाखवते तुम्हाला, तुमचे साडेसहा वाजले असतील… धोतर? नाना म्हणताहेत, उरलेलं अर्धं धुऊन शनिवारच्या विमानाने स्वतः घेऊन येतो, पुण्यात तुमच्या हातात देतो. आईच्या हातात देणार नाहीत म्हणाले.

आई, नाही गं रागावले. पुढच्या मेमध्ये ये, शिडी मी धरेन. फक्त फटीत काही खोचायचं नाही… हो, साबुदाणा आणून ठेवते. चल, ठेवते आता. नाना आत जाऊन बसलेत, खिडकीतून हाका मारताहेत… बूट? घातलेत ना. नाड्या बांधायलाही थांबले नाहीत.