धुण्याची दोरी

टपाल कचेरीच्या रांगेत सुताराच्या पुढे एकच बाई उरल्या होत्या, पण त्या खिडकीला चिकटल्या त्या चिकटल्याच. आतला कारकून त्यांचा फॉर्म तिसऱ्यांदा परत करत होता.

"मावशी, हा चालायचा नाही. आंतरराष्ट्रीय भरा."

"अहो, मुलगी पुलापलीकडे राहते. आमच्या गच्चीवरून तिच्या दोरीवरचं धुणं दिसतं."

"दिसू दे. तिकडे आता दुसरं राष्ट्र. दोन राष्ट्रांमधलं जे जे, ते सगळं आंतरराष्ट्रीय."

"मागच्या महिन्यात याच फॉर्मवर पाठवलं होतं की मी."

"मागच्या महिन्यात देश एक होता."

"आणि मी डबा घेऊन चालत जायचे, ते काय होतं मग?"

"मावशी, मागे रांग आहे."

"मला घाई नाही," सुतार म्हणाला.

"बरं, त्या आंतरराष्ट्रीयला पोच येते ना? तिच्या सहीची?"

"सही देशातल्या देशात. आंतरराष्ट्रीयला नुसता तिकडच्या कचेरीचा शिक्का येतो."

"मग मला हाच फॉर्म राहू द्या."

"यावर पार्सल पुलावरूनच परत येईल. एवढं आहे तरी काय आत?"

"काही नाही हो. एक जुना टॉवेल."

"टॉवेलासाठी तासभर उभ्या आहात?"

"मला सही हवीय तिची. फोन लागत नाही, आणि दोरीवर नऊ दिवस तेच धुणं आहे."