तुळजाबाईपाशी तुंबलेला माल

केज-घाटनांदूर एसटीत धर्मराज खिडकीशी बसला होता. काम उत्तरेश्वर वेल्डरपाशीच तुंबतं म्हणून त्यानं सकाळीच त्याला आपल्या पेरणीयंत्रांच्या वर्कशॉपातून काढून टाकलं होतं. पुढच्या सीटवर एक बाई आपल्या इंजिनिअर भाचीशी बोलत होती.

“साखर कारखान्याला कंप्युटर ठीक हाय. आमच्या बायकांच्या सोसायटीच्या डाळमिलला कशाला?”

“मावशी, तुमच्या अख्ख्या मिलची नक्कल मी कंप्युटरवर चालवून बघितली. माल तुळजाबाईपाशी तुंबतो.”

“म्हणूनच तिला काढायचं ठरलंय. लई हळू डाळ निवडती.”

“कंप्युटरवर तिच्या जागी दुप्पट चपळ बाई बसवून बघितली. तरी तुंबला.”

“आं? ते कसं काय?”

“तुमी तूर साठवून एकदम भरडता. सगळा ढीग तिच्याच अंगावर येतो.”

“दुष्काळात तूरच कमी येती, म्हणून साठवतो गं.”

“रोज येईल तेवढीच भरडून बघितली. तुळजाबाईचं काम वेळेत उरकलं.”

“अन् मी तिला चारचौघींत नको नको ते बोलले.”

धर्मराजनं फोन काढला.

“उत्तरेश्वर, उद्या कामावर ये. न्हाई रे, तुझं काय चुकलं न्हाई. आठवड्याचे पत्रे मीच एका दिवसात कापून तुझ्यापुढं टाकत होतो.”