खेळ खलास, घरी जा

...अन् वरून शालबी घेतली ना लेकानं! नारळबी घेतला! तुमाले सांगतो, आमचा हा संघदीप फाँट बनवते, म्हंजे कॉम्प्युटरात टाईप कराची अक्षरं. यवतमाळात सत्कार झाला, टाळ्या पडल्या, अन् हा बसला मान खाली घालून... काहून? तं अक्षरं याचे नाईतच! पुसदच्या धर्मपालकाकाचे होत!

काकाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आम्ही पोट्टे शाळा सोडून तिथंच. हरलं की पडद्यावर इंग्रजीत 'गेम ओव्हर' ये. काका म्हणे, "पोट्टेहो, हरता तं मराठीत हरा ना बे!" अन् एकेक ठिपका बसवून सोता अक्षरं बनवली त्या माणसानं: खेळ खलास, घरी जा! पुढं दुकान बुडालं, मशीन भंगारात गेली, वाचला फक्त संघदीपच्या वाढदिवसाचा फोटो. मांगं तोच पडदा! त्यावरून यानं अख्खी वर्णमाला उभी केली, तेच ठिपके, पण आताच्या मोबाईलवर चालन अशी. अन् फोटोत 'ळ'च्या पोटातला एक ठिपका गायब होता, तं हा म्हणे, "वा! काय कलाकारी!" अन् पाडलं सगळ्याच अक्षराइले भोक! अन् फाँटचं नाव? 'संघदीप'! काकाले इचारलं? कायचं इचारते!

मंग मन खाऊ लागलं. गेला पुसदले. काका म्हणे, "ये बाबू, तुही नंदाकाकू गेल्यापासून चहा मीच करतो, साखरेचा अंदाज येत नाई..." आता अशा माणसाले कोन्या तोंडानं सांगन? सांगितलं काय? नाई! चहा पिला अन् वापस!

तवर चौकाचौकात फ्लेक्स त्याच अक्षरात! कोनाचा वाढदिवस, कोनाची निवड... बिचाऱ्याले वाटे, सारं गाव आपल्यालेच चोर म्हणून राह्यलं. पुन्हा गेला. काका म्हणे, "चौकातली अक्षरं पायली काय बे? ओळखीची वाटतात." याच्या घशात बिस्कूट अडकलं ना! बोलला काय? चहा पिला अन् वापस!

पण सत्कारानंतर राह्यवलं नाई. शाल-नारळ काकाच्या पायापाशी ठेवला अन् फुटलाच. "काका, अक्षरं तुमचे होत. मी चोर हाव!" फोटो दाखवला. काकानं चष्मा लावला. 'ळ'च्या भोकावर बोट ठेवलं. मंग म्हणे, "भोक म्यां नोयतं ठेवलं बे. हे नंदाची टिकली होय! गल्ल्यावर बसे, घाम आला की कपाळाची काळी टिकली काढून पडद्याले चिकटवे, आरशाले चिकटवावं तशी. म्यां रोज वरडो, काढ वो, पोट्ट्याइले दिसत नाई..." अन् काका ढसाढसा रडले हो!

हा घाबरला. "काका, भोकं बुजवतो, नावबी तुमचं टाकतो..."

"खबरदार! नाव कोनाचंबी टाक. टिकलीले हात लावजो नको."

"मंग माफ केलं ना, काका?"

काका उठले, शाल खांद्यावर घेतली, दार उघडलं. "सांगून झालं? खेळ खलास. घरी जा."

अन् तुमाले सांगतो, आला वापस... चहाबी नाई भेटला!