बाक रिकामे होते म्हणून नव्हे

मी रायगड जिल्ह्यातला, श्रीवर्धनच्या खालच्या अंगाला खाडीकाठी आमचे गाव, आणि सर्वप्रथम हे लिहून घ्या की मी मास्तर होतो, निवृत्त झालो तेव्हाही मास्तर होतो आणि आजही आहे, कारण इथे शारजाला येण्याआधी तुम्ही माझ्या मुलाशी, इम्तियाजशी, फोनवर बोलला आहात आणि त्याने तुम्हाला नक्की सांगितले असणार की बाबा शारजात विरंगुळा म्हणून एका चिनी मुलीला इंग्रजी शिकवत असत. विरंगुळा हा शब्द माझा नाही. आमच्या घराण्यातले पुरुष एकतर दर्यावर नाहीतर आखातात, वडील जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, चुलते कुवेतला, आणि मी एकटाच असा निघालो की ज्याने मराठी माध्यमाच्या हायस्कुलात उभे आयुष्य इंग्रजी शिकवण्यात घालवले. गावातले लोक म्हणत, हुसेन, सगळे गल्फला गेले आणि तू एबीसीडीत अडकलास. मी म्हणत असे, जे गेले त्यांचे व्हिसाचे अर्ज कोणी भरून दिले, ते त्यांनाच विचारा.

माझी पत्नी वारली आणि इम्तियाज मला शारजाला घेऊन आला. तो दुबईच्या एका बांधकाम कंपनीत इंजिनीअर, राहायला शारजातल्या अल मजाजला, कारण दुबईचे भाडे परवडत नव्हते. नवव्या मजल्यावर घर, खाली खाडीसारखे दिसणारे पण खाडीचा वास नसलेले लगून. तो सकाळी अंधारात निघे आणि रस्त्यावरच्या त्या गाड्यांच्या रांगेतून परत येई तेव्हा त्याच्यात बोलण्याचे त्राण नसे. माझी सून शबाना स्वभावाने वाईट नाही, हेही लिहा, ती वाचणार आहे. फक्त तिला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते.

आणि त्या काळात भीती वाटायला कारणही होते. २००८ ची मंदी इथे थोडी उशिरा पोचली, पण पोचली ती अशी की समोरच्या इमारतीवरची क्रेन एका जागी थांबली ती थांबलीच. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या गाड्यांवर कोणीतरी बोटाने नावे लिहून जाई, मालक मात्र येत नसे. आमच्या लॉबीत एक नोटीस बोर्ड होता, पूर्वी त्यावर पाणी बंद राहण्याची सूचना तेवढी लागे. त्या वर्षी तो बोर्ड जाणाऱ्या माणसांच्या कागदांनी असा भरला की खालचा कागद वरच्याने झाकला जाऊ लागला. सोफा विकणे आहे. फ्रिज, जवळजवळ नवा. तातडीने. देश सोडत आहोत.

त्या मुलीचे नाव मेई. आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या वू नावाच्या माणसाची ती मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची असेल. सकाळी मी लगूनच्या कडेने फिरायला जाई, तर ही कठड्यापाशी उभी राहून, पाण्याकडे तोंड करून, मोठ्याने, अगदी घसा ताणून इंग्रजी वाचत असे. आमचा वॉचमन, पेशावरचा, मला म्हणाला, चाचाजी, बच्ची का दिमाग ठीक नहीं. मी त्याला म्हटले, तुझे ठीक नाही, ती पाठांतर करते आहे. मला ते ओळखू आले, कारण आमची मुले परीक्षेच्या आधी बंदरावर जाऊन असेच ओरडत असत. मी तिच्याजवळ गेलो आणि इंग्रजीत विचारले, आत्ता जो परिच्छेद वाचलास त्यात काय घडले? तिने माझ्याकडे पाहिले आणि तोच परिच्छेद पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणून दाखवला. एक अक्षर चुकले नाही. आणि एकाही अक्षराचा अर्थ तिला ठाऊक नव्हता.

तिच्याकडे चीनहून आणलेले जाडजूड सरावाचे पुस्तक होते, उतारे, शब्दसंग्रह, व्याकरण, गाळलेल्या जागा, आणि ते तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सोडवलेले. मी उत्तरे तपासली, मला लाल शाई वापरायला जागा सापडली नाही. काय सांगू तुम्हाला, लोक मला म्हणतात की चिनी पोरे पोपट असतात. मी हे ऐकून घेत नाही. आपली मुले गाईवरचा निबंध पाठ करून तोच नदीच्या निबंधात लिहीत आली, ती कोण होती मग? पाठांतर हे कष्टाचे काम आहे, कष्टाला कोणी हसू नये. फक्त ते कष्ट अर्थापर्यंत न्यावे लागतात आणि तिथे मास्तर लागतो.

तिची अडचण काय होती ते नीट ऐका, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. वूचे दुबईच्या चिनी घाऊक बाजारात छताच्या दिव्यांचे दुकान. इमारतीच थांबल्या तर दिवे कोण घेणार, म्हणून नवराबायको दोघेही दिवसभर दुकानात. मेई जन्मापासून तिकडे चीनमध्ये आजीपाशी वाढली, आईबाप तिला नव्या वर्षाच्या सुट्टीत दिसत तेवढेच. इथे येऊन तिला एकच वर्ष झाले होते. इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेने तिला एकदा नाकारले होते. दुसऱ्या खेपेला नाकारले तर उन्हाळ्यानंतर आजीकडे परत, असे वूने ठरवले होते, आणि त्याचेही चूक नव्हते, मुलीला किती दिवस घरात कोंडून ठेवणार? ती मला म्हणाली, आय लिव्ह विथ माय मदर वन इयर. ओन्ली वन. एवढे एक वाक्य तिचे स्वतःचे होते, पुस्तकातले नव्हे.

मी शिकवायचे ठरवले आणि शबाना दारात उभी राहिली. बाबा, घरी ट्यूशन घ्यायला परमिट लागतं, कोणी कंप्लेंट केली तर आपण खलास, तुमचा व्हिसा इम्तियाजच्या नावावर आहे. मी म्हटले, ठीक, घरात नाही शिकवत. लॉबीत दोन शेजारी नोटीस बोर्डासमोर उभे राहून बोलले तर त्याला कोणते परमिट लागते?

आणि मी तिला त्या बोर्डावर शिकवले. इम्तियाज सांगतो की बाबांना दुसरे पुस्तक मिळाले नाही म्हणून. साफ खोटे, पुस्तके हवी तेवढी होती. मला असे वाचन हवे होते की जे तिने आधी कधीच पाहिलेले नाही आणि जे उद्या बदललेले असेल. मी विचारत असे, हा सोफा विकणारा कोण आहे? ती म्हणे, आय डोन्ट नो, नॉट रिटन. मी म्हणे, लिहिलेले नाही तेच सांग. मग ती कागद न्याहाळी. बाळाचा पाळणा, लहान सायकल, मोठी सायकल. टू चिल्ड्रन अँड वन बेबी, सर. आज विकायला काढले म्हणतो आणि शुक्रवारी घर रिकामे करतो, म्हणजे त्याला वेळ आहे का? नो टाइम, सर. तो खुशीने जातो आहे का? यावर तिने कागद पुन्हा वरपासून वाचला, मग म्हणाली, ही राइट थँक यू टू ऑल नेबर्स, बट ही नॉट राइट हिज नेम. लक्षात घ्या, हे तिचे तिने वाचले. व्याकरणाची दुरुस्ती मी नंतर केली, आधी पाठ थोपटली.

त्या शाळेची प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा झाली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वू आमच्या दारात, मागे मेई, रडून डोळे सुजलेले. शाळेतून फोन आला होता की उतारा ठीकठाक, पण निबंध नक्कल केलेला आहे, एवढा निर्दोष निबंध या मुलीचा असूच शकत नाही, कागद कुठे लपवला होता ते सांगा. मी तिला विचारले, काय लिहिलेस? तिने सरावाच्या पुस्तकातला निबंध स्वल्पविरामासकट जसाच्या तसा उतरवला होता. घाबरली तेव्हा जे सर्वांत पक्के होते ते हाताने लिहून टाकले. सकाळी अकराला पालकांना बोलावले होते आणि वूला इंग्रजीची दोन वाक्ये येत नव्हती.

इम्तियाजला त्याच आठवड्यात कंपनीने कामावरून कमी केल्याचे पत्र दिले होते. तो सोफ्यावर बसला होता, टायसुद्धा काढलेला नव्हता. म्हणाला, बाबा, तुम्ही जायचं नाही. मी म्हटले, का? म्हणाला, व्हिसा कॅन्सल व्हायचाय, क्लिअरन्स व्हायचाय, आत्ता एखादी कंप्लेंट झाली तर माझ्यावर बॅन लागेल, पुन्हा या देशात पाय ठेवता येणार नाही, तुम्हाला कळतंय का? मी म्हटले, कळते. म्हणाला, मग? मी म्हटले, मग काही नाही, जाणार. तो उठून उभा राहिला. माझा मुलगा माझ्यावर त्याआधी कधी ओरडला नव्हता. म्हणाला, ती आपली कोण लागते? मी म्हटले, माझी विद्यार्थिनी लागते. थोड्या वेळाने तो आत येऊन हळू आवाजात म्हणाला, निदान नेबर म्हणा, बाबा, टीचर म्हणू नका. मी उत्तर दिले नाही. इम्तियाज आज सांगतो की बाबांनी कबूल केले होते. मी कबूल केले नव्हते. गप्प राहणे म्हणजे कबूल करणे नव्हे.

मुख्याध्यापिका बाई मल्याळी, चष्मा कपाळावर चढवलेला, टेबलावर पालकांच्या अर्जांचा ढीग. तिने प्रथम मलाच विचारले, आणि आपण कोण? वू काही समजल्यासारखा मान हलवत होता. मेई माझ्याकडे पाहत होती. लोक म्हणतात म्हाताऱ्याने तिथे मिजास दाखवली. मी शेजारी म्हटले असते तर त्या निबंधामागे कोणीच उभे राहिले नसते, ती एकटी पडली असती. मी म्हटले, मॅडम, मी हुसेन परकार, हिचा शिक्षक. बाईने पेन खाली ठेवले. कुठल्या शाळेत? मी म्हटले, आता कुठल्याच नाही. मग मी म्हटले, निबंध तिने पाठ केलेला आहे, चोरलेला नाही, पाठांतराला शिक्षा द्यायची तर जरूर द्या. पण तुमच्या टेबलावरचा कुठलाही कागद, जो तिने पाहणे शक्य नाही, तो तिच्यापुढे ठेवा.

बाईने ढिगातला वरचा अर्ज उचलला, नावावर हात ठेवला आणि पुढे केला. मेईने वाचायला सुरुवात केली आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले, कारण ती अडखळू लागली. पाठ केलेले वाचताना ती कधी अडखळत नसे. एका शब्दावर थांबली, मागे गेली, पुन्हा थांबली. बाई घड्याळाकडे पाहते आहे असे मला वाटले, वू खुर्चीच्या कडेला आला. वाचून संपल्यावर बाईने विचारले, काय लिहिले आहे? मेई म्हणाली, फादर वॉन्ट द सर्टिफिकेट. जॉब फिनिश. सन गो होम, नॉट फिनिश क्लास नाइन. बाई म्हणाली, एवढेच? मेईने कागदाकडे पाहिले, मग म्हणाली, ही इज अशेम्ड. बाई म्हणाली, असा शब्द यात नाही. मेई म्हणाली, येस, मॅडम. नॉट रिटन. बट ही से सॉरी थ्री टाइम्स. व्हाय सॉरी? ही डू नथिंग राँग.

बाईने तो अर्ज परत घेतला आणि ढिगावर न ठेवता वेगळा ठेवला. माझ्याकडे पाहून म्हणाली, मिस्टर परकार, आपण शेजारी आहात असे मी ऐकले. एवढेच बोलली, शिक्षक हा शब्द तिने कागदावर जाऊ दिला नाही. आठवीत घेते म्हणाली, एक वर्ष खाली. वूला मी बोटांनी आठ दाखवले, तर त्याला वाटले आठ दिवसांनी या म्हणतात. शेवटी मेईने त्याला त्यांच्या भाषेत सांगितले आणि तो माणूस त्या ऑफिसात उभा राहून मुलीच्या दोन्ही खांद्यांना धरून नुसता हलवत राहिला.

आता लोकांची आवृत्ती ऐका. शारजातले आमचे कोकणी लोक, ईदच्या जेवणाला बसले की हमखास कोणीतरी म्हणते, मास्तर, त्या वर्षी शाळा रिकाम्या पडत होत्या, फी हवी होती, त्यांनी कोणालाही घेतले असते. बाक रिकामे होते हे मी कधी नाकारले? पण त्याच सकाळी आमच्या आधी एक कुटुंब त्या खोलीतून नकार घेऊन बाहेर पडले, ते मी डोळ्यांनी पाहिले. दुसरी आवृत्ती शबानाच्या माहेरची, की मास्तरांच्या चिनी नादापायी इम्तियाजला देश सोडावा लागला. कंपनीचे पत्र आधी आले होते, शाळा नंतर झाली. क्रम कळत नसेल त्याने इतिहास सांगू नये. आमचे सामान आम्ही त्याच बोर्डावर कागद लावून विकले, तो कागद मेईने लिहिला, आणि आम्ही गावी गेलो. तक्रार कोणी केली नाही, बॅन लागला नाही. काही वर्षांनी इम्तियाजला पुन्हा याच देशात, पण दूर रुवैसच्या रिफायनरीत काम मिळाले, तो तिकडे राहतो, सुट्टीला इकडे येतो. आम्ही पुन्हा अल मजाजलाच. नातवंडांना ही हकीकत सांगायला घेतली की म्हणतात, दादा, प्लीज, नॉट अगेन.

वू कुटुंबाने दरम्यान घर बदलले होते, माझा त्यांच्याशी संबंध राहिला नव्हता. गेल्या महिन्यात शबाना मला साखरेच्या तपासणीला घेऊन गेली. दवाखान्यात काउंटरपाशी एक बाई कोणाचे तरी दुखणे नर्सला समजावत होती, पाठ आमच्याकडे, पण आवाज मी ओळखला, तो लगूनवर घसा ताणून कमावलेला आवाज होता. काय भरभर बोलत होती! वू खुर्चीत बसलेला, पार म्हातारा, दोन्ही हात मांडीवर, मुलीच्या तोंडाकडे पाहत. त्याची बायको शेजारी पिशवी धरून. नर्स विचारी, ही त्यांना विचारी, त्यांचे ऐकून घेई, आणि ते सांगत नव्हते तेही नर्सला सांगे, की हे दुखत नाही म्हणतात पण दोन रात्री झोपलेले नाहीत. बोलण्यात चुका झाल्या. मी गावातल्या निकाहाच्या पत्रिकाही दुरुस्त करून परत पाठवणारा माणूस, पण मी गप्प बसलो. शबाना माझ्या कानाशी म्हणाली, बाबा, जा ना, भेटा तिला. मी म्हटले, तिचे काम चालू आहे.

माझे नाव पुकारले तेव्हा ती अजून बोलतच होती, आणि बाहेर आलो तोवर ती सगळी निघून गेली होती. अल्ला तिच्या आईबापाला तिच्याजवळ पुष्कळ वर्षे ठेवो, आणि तिला त्यांच्याजवळ. आमच्या इम्तियाजलाही बरकत देवो, तो मनाने चांगला आहे. हे छापण्याआधी त्याला वाचायला जरूर द्या. खोडायला मात्र देऊ नका.