साडूच्या गाडीची बॅटरी

खरं सांगू का, माया साडू कार घेऊन आरमोरीले सासरी आला, तवाच माया जीव जळाले लागला. सासरे त्याच्याच मागंमागं. मी आपला सायकलनं आलेला, मले साधं "बसा" बी नाई म्हटलं.

निघायच्या वेळी त्यानं चावी फिरवली, तर नुसतं 'टिक'. मले आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, "भाऊ, इंजिन गेलं!"

साडू म्हणे, "समोरच्या लाइटकडं पाहा बरं." त्यानं लाइट लावून चावी फिरवली. लाइट पार विझाले आले.

"इंजिन बरोबर हाय, बॅटरी उतरली. धक्का मारा भाऊ."

मी एकटाच ढकलत कोपऱ्यापर्यंत गेलो, तवा गाडी चालू झाली. घामाघूम होऊन परत आलो, तर सासरे म्हणाले, "तुमचं बरं हाय जावईबापू. सायकलले बॅटरीच नसते!"